एकेकाला एकेक प्रश्न

इस्त्रीवाले मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी, आणि मधल्या बोळाएवढ्या जागेत हे. आत एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरी घडी करून अंथरलेल्या आणि वरून पांढरं कापड ताणून बसवलेलं. भिंतीलगत गाठोडी. मास्तर ही पदवी त्यांना आमच्या चर्चमुळे मिळाली. दर शनिवारी दुपारी मंडळीतली तेरा-चौदा वर्षांची मुलं त्या टेबलासमोर ओळीने उभी राहायची आणि मास्तर इस्त्री फिरवता फिरवता त्यांना प्रश्नोत्तरी शिकवायचे.

प्रश्नोत्तरी म्हणजे एक पातळ पुस्तिका. देव कोण, पाप म्हणजे काय, प्रार्थना कशाला करायची, असं मुलाला जे जे ठाऊक असायला हवं ते सगळं त्यात प्रश्न आणि उत्तर असं मांडलेलं असतं. ती पाठ करायची, एका रविवारी मंडळीसमोर उभं राहायचं आणि पाळकसाहेब विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. याला आमच्यात दृढीकरण म्हणतात. ते झालं की मग प्रभुभोजनाला जाता येतं. तोवर मोठी माणसं उठून मेजापाशी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घेतात, आणि मुलं बाकावर पाय हलवत बसतात.

मीही त्या टेबलासमोर उभी राहिलेली आहे. ओलसर सुती कापडावर गरम इस्त्री टेकली की जो वास येतो, तो आला की माझ्या तोंडून अजूनही आपोआप निघतं, ‘मुलाने बापाशी बोलावे तसे देवाशी बोलणे.’ माझा पाचवा प्रश्न होता. प्रार्थना म्हणजे काय? चौथा कुठला आणि सहावा कुठला हे मला धड माहीत नव्हतं. शेजारणीच्या नवऱ्याशी आपला जेवढा संबंध, तेवढाच माझा त्या प्रश्नांशी.

कारण मास्तर एकेकाला एकेकच प्रश्न शिकवायचे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर उजळणीचे सात प्रश्न होते. पाळकसाहेब तेच वरून खाली विचारायचे आणि मुलं डावीकडून उजवीकडे उत्तरं द्यायची. पहिल्या मुलाला पहिला प्रश्न, दुसऱ्याला दुसरा. शनिवारमागून शनिवार तो एकच प्रश्न आणि ते एकच उत्तर घोटून घोटून आम्ही असे तयार व्हायचो की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी अडखळलो नसतो. मंडळी खूष असायची. मुलांचं पाठांतर बघा, असं म्हणायची. एका मुलाच्या पोटात एकच उत्तर आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मुलांनी सांगितलं नाही, कारण सगळीकडे असंच शिकवतात असं आम्हाला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर एकावर भागत असताना सात पाठ करायची हौस कुणाला असते?

मास्तर असं का करायचे ते मला फार उशिरा कळलं, पण इथे आधीच सांगून टाकते. ते त्यांच्या मुलीसाठी करायचे.

मास्तरांना एकच मुलगी. तरी तिला सगळे मोठी म्हणायचे, कारण दुकानात येणाऱ्या मुलांमध्ये ती कायम सगळ्यांत उंच असायची. मुलं बदलायची, मोठी तीच राहायची. तिची समज कमी होती. आई लहानपणीच गेली. शाळेने दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि मग हात टेकले. दुकानात मात्र तिचं काम पक्कं होतं. इस्त्री झालेल्या शर्टाची बटणं लावायची, घडी घालायची, ज्या गाठोड्यातून आला त्याच गाठोड्यात तो ठेवायचा. तिने माझ्या नवऱ्याचा शर्ट कधी दुसऱ्याच्या घरी पाठवला नाही. हे काम करताना ती बोलायची नाही, आणि कुणी मध्येच काही विचारलं तर हातातली घडी पुरी होईपर्यंत उत्तर द्यायची नाही. गिऱ्हाइकं चिडायची. मास्तर म्हणायचे, “ऐकलंय तिने. थांबा जरा.”

चौदाव्या वर्षी तिला रीतीप्रमाणे मंडळीसमोर उभं केलं होतं. तेव्हा मास्तर वर्ग घेत नव्हते, दुसरंच कुणी घ्यायचं. जुने पाळक तेव्हा पुस्तिकेतलं कुठलंही काहीही कुणालाही विचारायचे. मोठीला त्यांनी तीन प्रश्न विचारले. ती प्रत्येक वेळी त्यांच्याकडे नीट बघत राहिली आणि एकाचंही उत्तर तिला आलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाळक म्हणाले, “बस, बाळ. पुढच्या वर्षी.” ती जाऊन बसली. मग प्रभुभोजन सुरू झालं, तिच्याबरोबरची मुलं पहिल्यांदा मेजाकडे गेली, आणि ही बाकावर मास्तरांचा कोट मांडीवर घेऊन बसून राहिली.

त्यानंतर वर्ग घ्यायला कुणी राजी नव्हतं तेव्हा मास्तर आपणहून पुढे झाले. इस्त्रीवाल्याला वर्ग द्यायचा का यावर थोडी कुरकुर झाली, पण फुकट काम करणाऱ्याला कोण अडवतं? मास्तरांनी जुन्या पाळकांना एवढंच सुचवलं की साहेब, शेवटच्या पानावरून ओळीने विचारत जा, म्हणजे मुलं घाबरत नाहीत. पाळकांचंही वय झालं होतं, त्यांना ते सोयीचं वाटलं. अशी ती पद्धत पडली. मास्तरांचा हिशेब साधा होता. सगळ्यांनाच एक येत असेल, तर एकच येणारी मुलगी ओळीत वेगळी दिसणार नाही.

पण मोठीचं एक उत्तरही पक्कं व्हायला किती वर्षं गेली याची मोजदाद मास्तरांनीच ठेवली असेल. शनिवारी आलेलं सोमवारी जायचं. आलंच तर चार माणसं समोर आली की जायचं. दरम्यान आमची ओळ झाली, आमच्यानंतरच्या ओळी झाल्या, आमची लग्नं झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर मेजाकडे निघाले की मोठी विचारायची, “मी कधी?” हळू नाही विचारायची. तिला हळू बोलता यायचंच नाही. ते सगळ्या चर्चला ऐकू जायचं आणि सगळं चर्च गीताच्या पुस्तकात तोंड घालायचं.

मी त्या वेळी बरेचदा त्यांच्या मागच्या बाकावर असायचे. मास्तर परत येऊन बसले की मोठी त्यांच्या तोंडाकडे बघायची. चावताहेत का, गिळलं का. मला ते बघवायचं नाही.

त्या वर्षी मात्र तिचं उत्तर बसलं. पानावरचा शेवटचा, सातवा प्रश्न मास्तरांनी तिच्यासाठी राखून ठेवला होता, कारण त्याचं उत्तर सगळ्यांत छोटं होतं. देव आपल्याला टाकून देतो का? नाही, कधीच नाही. मी कपडे घ्यायला गेले की मास्तर मुद्दाम माझ्यासमोर विचारायचे. मोठी हातातलं बटण लावून पुरं करायची, मान वर करायची आणि म्हणायची, “नाही, कधीच नाही.” मास्तर इस्त्री उभी करून ठेवायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच परीक्षक आहे. मी म्हणायचे, “अगदी बरोबर.” तिशीला टेकलेली ती बाई मग खुदकन हसायची.

नवे पाळक त्याच वर्षी आले होते. तरुण, नीटनेटके, घड्याळाकडे लक्ष ठेवणारे. त्यांनी जुनी पद्धत विचारून घेतली आणि तशीच चालू ठेवली. ओळीत सात जणं होती. पहिला एक शिवणकामवाल्याचा मुलगा, दुसरा बेकरीवाल्याचा, मग आणखी तिघं, सहावी औषधवाल्याची मुलगी आणि शेवटी मोठी. औषधवाला मंडळीच्या पंचांपैकी एक. पोरांच्या ओळीत एवढी थोराड बाई बरी दिसत नाही, असं तो म्हणून पाहत होता, पण नवे पाळक म्हणाले की नापास झालेल्याने पुन्हा बसू नये असा काही नियम नाही.

दृढीकरणाच्या सकाळी मोठीने पांढरा झगा घातला होता. त्याला इस्त्री कशी होती हे सांगायला नको. मास्तर पहिल्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या मागे. पेटी वाजायला लागली, मुलं पुढे जाऊन उभी राहिली, आणि एवढ्यात बेकरीवाला धापा टाकत आला, मास्तरांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “आमच्याला गालगुंड आलंय. एवढं तोंड सुजलंय. पुढच्या वर्षी बसवू.”

तो जाऊन बसलाही. त्याच्या दृष्टीने निरोप देऊन झाला होता.

मी मास्तरांची मान मागून बघत होते. ते उठले, दोन पावलं पुढे गेले. पाळकांच्या कानात ‘दुसरा प्रश्न गाळा’ एवढंच सांगायचं होतं. पण का गाळा, असं पाळकांनी विचारलं असतं, आणि मग सांगावं लागलं असतं की तो ज्याचा होता तो आलेला नाही. मग प्रश्न कुणाचा असतो का, असंही विचारलं असतं. मास्तर तिथे क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन बसले. माझ्याही तेव्हा काही लक्षात आलं नाही. मुलगा आजारी पडला म्हणून एवढा घाम कशाला, असं मला वाटलं.

पाळकांनी पुस्तिका उघडली.

“जग कोणी निर्माण केले?”

“देवाने,” शिवणकामवाल्याच्या मुलाने खणखणीत सांगितलं.

“देवाने तुला कशासाठी निर्माण केले?”

हा गालगुंडवाल्याचा. पण त्याच्या जागी आता तिसरा उभा होता, आणि शेजारच्याचं झालं की आपण बोलायचं, एवढंच त्याला वर्षभर शिकवलेलं. त्याने छाती पुढे काढली. “देवाची आज्ञा मोडणे.”

बाकांवर खसखस पिकली. पाळकांनी वर पाहिलं. पोरगं घाबरलं असेल, असं समजून त्यांनी आवाज जरा मऊ केला आणि पुढे गेले.

“पाप म्हणजे काय?”

“एकटा प्रभू येशू ख्रिस्त.”

आता कुणी हसलं नाही. एका आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला. मला तेव्हा कळलं. मी मनात मोजायला लागले. चौथा प्रश्न पाचव्याला, पाचवा सहावीला, सहावा मोठीला. सहावा प्रश्न होता, प्रभूच्या मेजावर कोणी यावे? आणि मोठीला एकच उत्तर येत होतं. नाही, कधीच नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मोजून कधीच संपवलं होतं. ते खाली फरशीकडे बघत होते.

“पापी माणसाला कोण वाचवू शकतो?”

“मुलाने बापाशी बोलावे तसे देवाशी बोलणे.” माझं उत्तर. ते दुसऱ्याच्या तोंडून इतकं खुळ्यासारखं ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

“प्रार्थना म्हणजे काय?” पाळकांचा चेहरा लाल झाला होता.

औषधवाल्याची मुलगी शाळेत पहिली येणारी. काहीतरी बिघडलंय हे तिला समजलं असणार, कारण ती क्षणभर थांबली. पण पाठ केलेलं पुढे ढकलत होतं. “ज्याला आपली चूक कळली आहे आणि ज्याला भूक आहे, त्याने यावे.”

मग पाळक मोठीसमोर आले.

“प्रभूच्या मेजावर कोणी यावे?”

मोठीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुकानात घडी पुरी व्हायला लागायचा तेवढा वेळ गेला. मग ती शेजारी वळली आणि औषधवाल्याच्या मुलीला कोपराने ढोसून म्हणाली, “अगं, हा तुझा ना?”

हसू फुटलं, पण अर्ध्यावरच थांबलं, कारण पाळकांनी पुस्तिका मिटली होती. त्यांनी मोठीला विचारलं, “मग तुझा कुठला?”

“माझा शेवटचा. तुम्ही अजून विचारला नाही.”

“आणि हा तुला येत नाही?”

“नाही.”

पाळक मास्तरांकडे वळले. “मास्तर, काय प्रकार आहे हा?”

मास्तर उठले. मला वाटलं होतं की काहीतरी सारवासारव करतील. गडबडली मुलं, असं म्हटलं असतं तरी निम्म्या लोकांनी मान्य केलं असतं. ते म्हणाले, “प्रत्येकाला एकच येतो, साहेब. मी एकच शिकवला.”

“यंदा?”

“दर वर्षी. माझी मुलगी नापास झाली तेव्हापासून. तिला जास्त यायचं नाही, म्हणून मी कुणालाच जास्त शिकवलं नाही.”

मी आजूबाजूला पाहिलं. तिशीच्या आतली जेवढी म्हणून माणसं त्या चर्चमध्ये होती, ती सगळी आपापल्या चपला न्याहाळत होती. त्यांत दोन पंचांचे मुलगे होते, पेटी वाजवणारी होती, मी होते. आम्ही सगळे एकेका उत्तरावर मेजावर गेलेलो.

पाळकांना त्या घटकेला काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. ज्या माणसाला घड्याळ बघायची सवय त्याने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग ते मोठीसमोर गेले. “देव आपल्याला टाकून देतो का?”

“नाही,” मोठी म्हणाली. “कधीच नाही.”

“ही आज मेजावर येईल,” पाळक म्हणाले. “बाकीच्यांनी पुन्हा शिकायचं.”

औषधवाला ताडकन उठला. “साहेब, माझ्या मुलीला तिचं उत्तर येतं. फक्त जागा चुकली. आणि हिला तर तेवढं एकच येतं.”

“तुमच्या मुलीलाही एकच येतं,” पाळक म्हणाले. “पण हिने प्रश्न ऐकला.”

यावरून पुढे बरंच रामायण झालं. औषधवाल्याने मास्तरांना आपल्या दुकानाच्या पायरीवर गाठोडं ठेवू देणंही बंद केलं. वर्ग पाळकांनी स्वतःकडे घेतला आणि संपूर्ण पुस्तिका शिकवायला लागले. आम्हा जुन्यांनाही संध्याकाळी बसवलं. गेलो आम्ही, जाणार नाही तर काय, पण या वयात पाठांतर म्हणजे दगडावर बी पेरण्यासारखं आहे. मास्तरांना कुणी शिक्षा केली नाही. पंचांनी बोलावलं होतं, पण ज्यांनी जाब विचारायचा त्यांचेच मुलगे एका उत्तरावर तरून गेलेले, त्यामुळे चहा घेऊन सगळे घरी गेले. मास्तर पुन्हा नुसते इस्त्रीवाले झाले. लोक मास्तर म्हणत राहिले ते सवयीने.

मला त्यांचा रागही येतो. पंधराएक वर्षांत आलेल्या साऱ्या मुलांना त्यांनी त्यांच्या हक्काचं शिक्षण दिलं नाही, आणि ते चांगुलपणाच्या नावाखाली खपून गेलं. पण त्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं मला काही ठरवता येत नाही.

त्या सकाळी प्रभुभोजन सुरू झालं तेव्हा मोठी येऊन मास्तरांसमोर उभी राहिली. “चला.”

“तू जा,” मास्तर म्हणाले. “मी आज नाही.”

“का?”

“मी मंडळीला फसवलं, पोरी. मला आज जाता येत नाही.”

तिला ते किती समजलं कोण जाणे. ती एकटी गेली. इतकी वर्षं मास्तरांनी हे कसं होईल ते मनात रचलं असणार. ती आणि ते, शेजारी शेजारी. आता त्यांना बाकावरून तिची पाठ तेवढी दिसत होती. ते मान उंच करून बघत होते, पुढच्या माणसांच्या खांद्यांमधून, आणि मध्येच कुणी आडवं आलं की बाजूला सरकत होते. तिने हात पुढे केले. पाळक तिच्याशी काहीतरी बोलले, ते आम्हाला ऐकू आलं नाही.

ती परत आली ती चावत चावत. मास्तरांशेजारी बसली, गिळलं, आणि झग्याची घडी सारखी केली.

“बाबा,” ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, “फार थोडं देतात.”

“थोडंच असतं गं,” मास्तर म्हणाले.

तिने त्यावर विचार केला. लोक मेजाकडून परतत होते, बाकांत सरकत होते.

“एवढंसंच होतं,” ती म्हणाली, “तर मग मला इतकी वर्षं का नाही दिलं?”

पेटी सुरू झाली, शेवटच्या गीताला सगळी मंडळी उभी राहिली, आणि ती दोघं माझ्यासमोर बसूनच राहिली, ती त्यांच्या तोंडाकडे बघत, थांबून.